एन्ड्युरन्स शर्यतीची आठ सूत्रे

मूळ

१. शर्यत घड्याळाने संपावी, अंतराने नव्हे.
२. वर्षात शर्यती आठ. ल मां त्यांत असावी आणि ज्येष्ठ असावी.
३. मोजावी ती ऊर्जा. यंत्र मोजू नये.
४. वरच्या वर्गात वजन लादू नये. खालच्या वर्गात लादावे.
५. वर्ग दोन, रस्ता एक.
६. गाडीला चालक तीन. किताब आधी गाडीचा.
७. नियम पाच वर्षे हलवू नयेत.
८. कारखाना पाहुणा, घर खासगी संघाचे.

भाष्य

वरच्या आठ ओळी माझ्या आहेत आणि खालचे भाष्यही माझेच. सूत्रकाराने स्वतःच लिहिलेल्या भाष्याला स्वोपज्ञ म्हणतात. ही जुनी रीत आहे, आणि तिचा धोकाही जुना आहे: पूर्वपक्ष नकळत दुबळा करून मांडला जातो. म्हणून विरोधी बाजू तिच्या पूर्ण जोरात मांडण्याचा प्रयत्न केला आहे, आणि जिथे सूत्र डळमळते तिथे तसे म्हटले आहे.

विषय आहे स्पोर्ट्‌स कारच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचे विश्वविजेतेपद. ते १९५३ साली सुरू झाले आणि १९९२ च्या अखेरीस बंद पडले. २०१२ साली मोटारक्रीडेची जागतिक संघटना एफआयए आणि ल मांची शर्यत भरवणारा फ्रान्समधला ऑटोमोबिल क्लब द ल्वेस्त यांनी मिळून ते वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप या नावाने पुन्हा उभे केले. मधली दोन दशके जागतिक किताबच नव्हता. पहिले घर का पडले, हे नीट समजून घेतल्याशिवाय दुसऱ्या घराबद्दल बोलण्यात अर्थ नाही. या आठही सूत्रांत ती पडझड डोळ्यांसमोर आहे.

सूत्र १. शर्यत घड्याळाने संपावी, अंतराने नव्हे.

१९२३ च्या २६ मे रोजी दुपारी चार वाजता ल मांजवळच्या सार्वजनिक रस्त्यांवर ३३ गाड्या सुटल्या. क्लबचे सचिव झोर्झ द्युरां, मोटारींवर लिहिणारे पत्रकार शार्ल फारू आणि रज-व्हिटवर्थ या चाकांच्या कंपनीच्या फ्रेंच शाखेचे एमिल कोकी यांची ही कल्पना. लोक विकत घेतात ती गाडी रात्रभर, पावसात, खडबडीत रस्त्यावर चालते का, तिचे दिवे सकाळपर्यंत टिकतात का, हे त्यांना पाहायचे होते. आंद्रे लागाश आणि रने लेओनार यांनी शेनार-वॉल्कर गाडीतून २,२०९ किलोमीटर कापले. हे अंतर सर्वांत जास्त होते, तरीही त्या वर्षी विजेता जाहीर झाला नाही. ती तीन वर्षांच्या चषकाची पहिली पायरी होती आणि प्रत्येक गाडीला तिच्या इंजिनाच्या आकारानुसार ठरवून दिलेले अंतर पुरे करायचे होते. ३३ पैकी ३० गाड्या शेवटपर्यंत टिकल्या. या खेळाचा जन्म असा विजेत्याशिवाय झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अंतराच्या शर्यतीत पहिला पोहोचला की खेळ संपतो आणि मागच्यांना उरलेले अंतर माफ होते. घड्याळाच्या शर्यतीत कोणालाच काही माफ नसते. पहिल्या गाडीला चोवीस तास, शेवटच्या गाडीलाही चोवीस तासच.

शंका: मग न्युरबर्गरिंग, मोंझा, स्पा इथल्या हजार किलोमीटरच्या शर्यतींची मोठी परंपरा खोटी का? खोटी नाही. तिसऱ्या सूत्रात दिसेल की १९८२ नंतर त्या हजार किलोमीटरला इंधनाचा ठराविक साठा बांधलेला होता, त्यामुळे आकड्याला अर्थ होता. २०२४ पासून कतारमध्ये १,८१२ किलोमीटरची शर्यत होते. हा आकडा १८ डिसेंबर या त्यांच्या राष्ट्रीय दिनावरून घेतलेला आहे. यजमानाचा मान राखावा, पण शर्यतीची लांबी अशा कारणाने ठरू नये. तिथे सरळ दहा तासांची शर्यत भरवावी.

किमान लांबी किती, हे सूत्रात सांगितलेले नाही, म्हणून इथे सांगतो: सहा तास. सहा तासांत टायर झिजतात, ऊन उतरते, चालक बदलतो आणि एखादी चूक भरून काढायला वेळही उरतो. १९९१ साली विश्वविजेतेपदाच्या शर्यती ल मां सोडून ४३० किलोमीटरपर्यंत आखडल्या गेल्या, दूरचित्रवाणीला सोयीच्या म्हणून. दीड वर्षात घर रिकामे झाले. आखडणे हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण ज्या खेळाचे नावच टिकून राहण्यावरून पडले आहे, त्याने टिकायची मुदत कापली तर लोकांनी यायचे कशासाठी?

घड्याळाचा न्याय कठोर असतो, हेही मान्य करायला हवे. २०१६ साली ल मांला टोयोटाची पाच क्रमांकाची गाडी आघाडीवर होती, काझुकी नाकाजिमा चालवत होते, आणि साडेतीन-चार मिनिटे उरली असताना तिची ताकद गेली. समोरच्या सरळ रस्त्यावर, स्वतःच्याच संघाच्या डोळ्यांसमोर, ती थांबली. पोर्शे पुढे निघून गेली आणि जिंकली. नाकाजिमांनी गाडी पुन्हा सुरू करून शेवटची फेरी कशीबशी पुरी केली, पण त्या फेरीला नियमाने दिलेल्या सहा मिनिटांहून कितीतरी जास्त वेळ लागला. परिणामी विजेत्याइतक्याच ३८४ फेऱ्या करणाऱ्या त्या गाडीचे नाव निकालाच्या यादीतच आले नाही. माझा निर्णय असा: विजय पोर्शेचाच. पण पहिल्या सूत्राचा खरा अर्थ मानला तर चोवीस तास रस्त्यावर राहिलेली गाडी यादीतून पुसली जाऊ नये. शेवटच्या फेरीची वेळमर्यादा क्रमांक ठरवण्यासाठी ठेवावी, अस्तित्व नाकारण्यासाठी नको.

सूत्र २. वर्षात शर्यती आठ. ल मां त्यांत असावी आणि ज्येष्ठ असावी.

'आठ' या आकड्यात गूढ काही नाही. १९५३ साली सात शर्यती होत्या: सेब्रिंग, मिले मिलिया, ल मां, स्पा, न्युरबर्गरिंग, डन्ड्रॉड आणि मेक्सिकोची कारेरा पानामेरिकाना. २०१२ च्या पुनर्जन्मात आठ होत्या. गाड्या आणि सामान जहाजाने एका खंडातून दुसऱ्या खंडात न्यायचे, वाटेत इंजिने तपासायची, चालकांना इतरत्रही खेळू द्यायचे, तर आठाच्या पुढे लहान संघाचा श्वास तुटतो. फॉर्म्युला वनच्या भल्या मोठ्या वेळापत्रकाकडे पाहून इथे भर घालू नये.

'ज्येष्ठ' या पदावर वाद आहे. आज ल मांला दुप्पट गुण मिळतात. सहा तासांच्या शर्यतीत पहिल्याला २५, ल मांला ५०. पूर्वपक्ष म्हणतो, एकाच शर्यतीला इतके वजन दिले तर बाकीच्या सात शर्यती तिच्या सरावासारख्या होतात. आक्षेप रास्त आहे, पण इतिहास त्याच्या बाजूने बोलत नाही. १९८९ आणि १९९० साली त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय मंडळाशी भांडण झाल्यामुळे ल मां विश्वविजेतेपदाच्या बाहेर होती. ती तरी भरलीच. १९९३ ते २०११ या काळात जागतिक किताब अस्तित्वातच नव्हता. ल मां दर जूनमध्ये होतच राहिली. शर्यतीला किताबाची गरज नाही, किताबाला शर्यतीची आहे. जो ज्याच्यावर उभा आहे त्याला त्याने ज्येष्ठ मानावे, यात कमीपणा नाही. शिवाय सहा तासांना २५ आणि चोवीस तासांना ५० हे प्रमाण पाहिले तर ल मांला तासामागे कमीच गुण मिळतात.

या सूत्राला एक जोड हवी. अमेरिकेतली इम्सा मालिका डेटोनाचे चोवीस तास आणि सेब्रिंगचे बारा तास भरवते. २०२० च्या जानेवारीत डेटोनाला दोन्ही बाजूंनी ठरवले की वरच्या वर्गाच्या गाड्या दोन्हीकडे चालाव्यात, आणि २०२३ पासून तसे होऊही लागले. गाड्या एक, कारखाने एक, आणि तरी दोघांची मिळून एक शर्यत नाही. २०१२ साली सेब्रिंगला दोन मालिका एकाच शर्यतीत उतरल्या होत्या. गर्दी झाली, पण शर्यत झाली. आठांपैकी एक जागा या संयुक्त शर्यतीसाठी राखून ठेवावी.

सूत्र ३. मोजावी ती ऊर्जा. यंत्र मोजू नये.

बाकी सूत्रे गेली तरी चालतील. हे जाऊ नये.

यंत्र मोजल्याने काय होते? १९६८ साली नियम आला: प्रोटोटाइपला तीन लिटरची मर्यादा, मात्र ५० गाड्या बांधल्या तर पाच लिटरचे इंजिन चालेल. हा आकडा पुढे २५ वर आणला गेला. एवढ्या महागड्या शर्यतगाड्या कोणी बांधणार नाही, असा हिशेब होता. पोर्शेने १९६९ च्या एप्रिलमध्ये २५ नव्याकोऱ्या ९१७ गाड्या अंगणात एका रांगेत उभ्या करून दाखवल्या. १९७० आणि १९७१ ची ल मां ९१७ नेच जिंकली, आणि १९७१ च्या अखेरीस पाच लिटरचा वर्गच बंद करण्यात आला. आकार मोजणाऱ्या नियमाला कोणीतरी असाच वळसा घालतो, मग नियम बदलतो, आणि ज्यांनी भाबडेपणाने जुन्या नियमाप्रमाणे गाडी घेतली त्यांचे पैसे बुडतात.

याउलट १९८२ चा ग्रुप सी. नियम जवळजवळ एका श्वासात सांगता येत होता: टाकी १०० लिटरची, हजार किलोमीटरमध्ये पाच वेळा इंधन भरायचे, म्हणजे एकूण ६०० लिटर; गाडीचे वजन किमान ८०० किलो. इंजिन कोणतेही आणा. मग काय काय आले पाहा. पोर्शेचे सहा सिलिंडरचे टर्बो, लान्चियाच्या गाडीत फेरारीचे व्ही ८, जॅग्वारचे सात लिटरचे व्ही १२, झाउबर-मर्सिडीझचे पाच लिटरचे टर्बो व्ही ८, मझ्दाचे रोटरी. प्रत्येकाचा आवाज निराळा, प्रत्येकाची युक्ती निराळी, आणि सगळ्यांपुढे अडचण एकच: एवढ्याच इंधनात तिथवर पोहोचायचे. या गाड्यांना बरोबरीत आणण्यासाठी कोणाला तक्ता घेऊन बसावे लागले नाही. आपल्या स्वयंपाकघरात महिन्याचे रेशन ठरलेले असते. त्यात कोणती भाजी करायची हे घर ठरवते. ग्रुप सीचे तत्त्व तेवढेच साधे होते.

पूर्वपक्ष इथे बलवान आहे. सुरुवातीच्या वर्षांत शेवटच्या तासात गाड्या इंधन वाचवण्यासाठी रेंगाळत. पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाला ताकद राखून ठेवलेल्या गाड्या दिसत, आणि चालकही कुरकुरत. तरीही १९८५ साली साठा आणखी कमी करून हजार किलोमीटरला ५१० लिटर करण्यात आला. ही अडचण खरी होती. ती इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पुष्कळशी सुटली, पण पहिली तीन-चार वर्षे प्रेक्षकाने सोसले, हे सूत्रकाराने नाकारू नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा. २०१४ साली वरच्या वर्गाच्या, म्हणजे एलएमपी १ च्या, नियमांत हेच तत्त्व परत आले. दर फेरीला किती इंधन जाळायचे आणि ल मांच्या एका फेरीत साठवलेली किती वीज वापरायची, दोन, चार, सहा की आठ मेगाज्यूल, याचे गट ठरले. पोर्शेने दोन लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो आणले, ऑडीने डिझेल व्ही ६, टोयोटाने टर्बो नसलेले व्ही ८. तीन तऱ्हेची यंत्रे फेरीमागे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर धावली. तांत्रिकदृष्ट्या या खेळाने पाहिलेले हे सर्वांत सुंदर दिवस, असे मी मानतो. पण त्या संशोधनाचा खर्च तीन-चार कारखान्यांखेरीज कोणालाच परवडला नाही. म्हणून सूत्रात ऊर्जा मोजा म्हटले आहे, ऊर्जा अमर्याद शोधा असे म्हटलेले नाही. आजच्या वरच्या वर्गातल्या एलएमडीएच गाड्यांत विजेची मोटर, बॅटरी आणि गिअरबॉक्स सर्वांना एकाच ठरलेल्या पुरवठादारांकडून घ्यावी लागते, आणि सांगाडा चार मान्य कंपन्यांपैकी एकीचा. तो तोडगा चांगला आहे आणि या सूत्राशी त्याचे भांडण नाही.

सूत्र ४. वरच्या वर्गात वजन लादू नये. खालच्या वर्गात लादावे.

'वजन लादणे' म्हणजे ज्याला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात, संक्षेपाने बीओपी. वेगवान गाडीवर शिसे ठेवायचे, तिची ताकद किंवा दर टप्प्याची ऊर्जा कमी करायची, मंद गाडीला सूट द्यायची. आजच्या वरच्या, म्हणजे हायपरकार, वर्गात चाकांच्या आसांवर बसवलेली मापके प्रत्यक्ष ताकद मोजतात आणि दर टप्प्याची ऊर्जाही मोजली जाते. म्हणजे तिसऱ्या सूत्राची सगळी साधने हाताशी आहेत. फरक एवढाच की माप प्रत्येक गाडीला वेगळे दिले जाते.

घोड्यांच्या रेसकोर्सवर जाणाऱ्या कोणालाही हे सूत्र फोड करून सांगावे लागणार नाही. महालक्ष्मीला किंवा पुण्याला बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात. हँडिकॅपर घोड्याचे मानांकन पाहतो आणि पाठीवरचे वजन ठरवतो. सगळे घोडे एकत्र पोहोचावेत हा त्यामागचा हेतू. चांगली शर्यत होते, लोकांना आवडते, त्यात गैर काही नाही. पण महालक्ष्मीची इंडियन डर्बी हँडिकॅपची नसते. चार वर्षांचे घोडे ठरलेल्या सारख्या वजनाने धावतात, घोडींना थोडी सूट. कारण डर्बीचा प्रश्न वेगळा आहे: या पिढीतला सर्वोत्तम घोडा कोणता? तो प्रश्न विचारायचा आणि उत्तर येण्याआधी पाठीवर वजन ठेवायचे, हे जुळत नाही. विश्वविजेतेपद तोच प्रश्न विचारते.

२०२३ ची ल मां म्हणजे शंभर वर्षांचा उत्सव. त्याच्या दीड आठवडा आधी तक्ता बदलला: टोयोटावर ३७ किलो, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११, पोर्शेवर ३. आधीच्या समजुतीप्रमाणे ल मांपूर्वी असा बदल व्हायचा नव्हता. फेरारी ५० वर्षांनी वरच्या वर्गात परतली होती आणि तिनेच शर्यत जिंकली. तिचे तिन्ही चालक, पियेर गुइदी, कलाडो आणि जिओविनात्झी, उत्तम चालले. त्यांच्या विजयावर मला तीळभरही शंका घ्यायची नाही. आणि नेमके हेच दुःख आहे. तक्त्यामुळे त्यांचा विजय निःशंक राहिला नाही. ३७ किलो नसते तर काय झाले असते, हा प्रश्न आता कायमचा त्या शर्यतीला चिकटला. नियमांत असेही कलम आहे की संघांनी आणि चालकांनी बीओपीवर जाहीर बोलू नये. ज्या मापाबद्दल मोजला जाणाराच बोलू शकत नाही, त्यावर पाहणाऱ्याने विश्वास कसा ठेवावा?

पूर्वपक्ष: वजन काढा, एक कारखाना सगळे जिंकेल, बाकीचे निघून जातील. पुरावाही आहे. १९९८ च्या एफआयए जीटी मालिकेत मर्सिडीझने दहाच्या दहा शर्यती जिंकल्या आणि तो वर्ग त्याच वर्षी संपला. याला माझे उत्तर असे: हायपरकारच्या नियमांत आधीच चौकट आहे. वजन किमान १,०३० किलो, ताकद साधारण ५०० किलोवॉटपर्यंत, हवेचा दाब आणि रोध ठरलेल्या पट्ट्यात. चौकट इतकी अरुंद असताना तिच्या आत आणखी तराजू कशाला? गाडी चौकटीत बसते की नाही हे हंगामापूर्वी तपासावे, सर्वांना एकच वजन आणि एकच ऊर्जा द्यावी, आणि मग डिसेंबरपर्यंत हात लावू नये. समोरच्या चाकांनाही वीज देणाऱ्या गाड्या आणि फक्त मागच्या चाकांना देणाऱ्या गाड्या यांच्यात पावसात फरक पडतो. त्यासाठी पुढची चाके कोणत्या वेगाच्या वर चालावीत याची एकच सीमा सर्वांना घालावी.

एक उदाहरण माझ्या विरुद्ध जाते, ते सांगितलेच पाहिजे. १९९१ साली मझ्दा ७८७बी ने ल मां जिंकली, रोटरी इंजिनाची पहिली जीत. त्या वर्षी जुन्या ग्रुप सी गाड्यांना १,००० किलो वजन बंधनकारक होते आणि मझ्दाला ८३० किलोची मुभा होती. म्हणजे ज्या विजयाची आठवण आजही लोकांना सर्वांत प्रिय आहे, त्यातही वजनाची सवलत होती. सूत्राचा त्यात पराभव होतो का? मला वाटते, नाही. ती मुभा हंगामाआधी उघडपणे ठरली होती आणि मागच्या शर्यतीचा निकाल पाहून दिलेली नव्हती. तरी शंकेला जागा आहे, हे मी मान्य करतो.

'खालच्या वर्गात लादावे' हा उत्तरार्ध सोपा आहे. आजच्या खालच्या वर्गात, म्हणजे एलएमजीटी ३ मध्ये, मस्टँगचे इंजिन पुढे, कॉर्व्हेटचे मध्ये, पोर्शे ९११ चे मागे. या गाड्या रस्त्यावरच्या गाड्यांपासून घेतलेल्या, विकत मिळणाऱ्या, आणि चालवणाऱ्यांत एक जण हौशी असलाच पाहिजे असा नियम. तिथे बरोबरी मुद्दाम घडवावी लागते. ती हँडिकॅपची शर्यत आहे आणि हँडिकॅपची शर्यत म्हणून ती फार छान आहे.

सूत्र ५. वर्ग दोन, रस्ता एक.

२०१२ साली चार वर्ग होते, २०२४ पासून दोन. हा बदल योग्य झाला. प्रेक्षकाला कोण कोणाशी झुंजतो आहे हे कळले पाहिजे. ल मांच्या साडेतेरा किलोमीटरच्या फेरीत दोन वर्गांत साधारण अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो, म्हणजे वेगवान गाडी रात्रभर कोणाला तरी ओलांडत असते. ती ओलांडणी हेच या खेळाचे व्याकरण. २०११ साली ऑडीच्या तीनपैकी दोन गाड्या मंद वर्गाच्या गाड्यांजवळून जाताना भीषण अपघातात मोडल्या. त्या चालवणारे मॅकनिश आणि रॉकनफेलर दोघेही वाचले. यावर वर्ग वेगळे करणे हा उपाय होऊ शकत नाही. हौशी चालकाला रात्रीच्या सरावाची सक्ती जास्त कडक करावी.

सूत्र ६. गाडीला चालक तीन. किताब आधी गाडीचा.

१९५२ साली पिएर लव्हेग यांनी आपली टाल्बो जवळजवळ तेवीस तास एकट्याने चालवली, आघाडीवर राहून. शेवटच्या टप्प्यात इंजिन मोडले आणि मर्सिडीझ जिंकली. पराक्रम मोठा होता, पण असा पराक्रम पुन्हा कोणाला करू देता कामा नये, आणि आज नियम देतही नाहीत: कोणत्याही सहा तासांत चार तासांहून जास्त नाही, चोवीसात एकूण चौदांहून जास्त नाही. तीन वर्षांनी तेच लव्हेग मर्सिडीझच्या संघातून आले, आणि ११ जून १९५५ च्या अपघातात त्यांच्यासह ८० हून अधिक प्रेक्षक मेले. तो दोष थकव्याचा नव्हता. चूक अरुंद रस्त्याची, उघड्या पिटची आणि प्रेक्षकांना न जपण्याची होती.

'आधी गाडीचा' यासाठी: १९५३ पासून किताब कारखान्यांचा होता, चालकांचा जागतिक किताब १९८१ साली आला. क्रम तोच राहावा. गाडीत तीन माणसे बसतात, बाहेर तीसेक माणसे रात्र जागतात. चालकांचे नाव त्यांच्यानंतर यावे.

सूत्र ७. नियम पाच वर्षे हलवू नयेत.

पाचच का? गाडी आखून बांधायला दोन वर्षे, कारखान्याने ती वापरायला दोन, आणि मग ती दुसऱ्या मालकाच्या हाती जाऊन तिचे पैसे वसूल व्हायला आणखी काही. दुसऱ्या मालकाचा विचार न करणारा नियम मोठ्या कारखान्यालाच जिंकवतो. पोर्शे ९५६ ही १९८२ ची गाडी. तिचीच पुढची आवृत्ती ९६२ अनेक हातांतून गेली, आणि तिच्यापासून बनवलेली डाउअर ९६२ ही १९९४ ची ल मां जिंकली. एका नियमाने बारा वर्षे गाड्यांना काम दिले.

उलट बाजूला १९९१. फॉर्म्युला वनच्या धर्तीवर साडेतीन लिटरची इंजिने सक्तीची झाली. जुन्या गाड्या वजनाने दाबल्या गेल्या, नव्या इंजिनांचा खर्च लहान संघांना झेपेना. १९९२ साली शर्यती सहावर आल्या आणि सुरुवातीच्या रांगा ओक्याबोक्या दिसू लागल्या. १९९३ चा हंगाम रद्द झाला. एवढ्या मोठ्या घराची पडझड एका नियमबदलाने झाली, असे म्हणणे थोडे भडक होईल, पण फार चूक होणार नाही. आज हायपरकारच्या नियमांची मुदत वाढवत नेली आहे. ते चांगले झाले.

सूत्र ८. कारखाना पाहुणा, घर खासगी संघाचे.

पाहुणा मोठा असतो, त्याच्या येण्याने घर उजळते, आणि तो जातो. पूजो २०१२ च्या जानेवारीत गेली, नव्या विश्वविजेतेपदाची पहिली शर्यत दोन महिन्यांवर असताना. ऑडी २०१६ च्या अखेरीस गेली, डिझेल उत्सर्जनातल्या फसवणुकीच्या प्रकरणाच्या सावटात. पोर्शे २०१७ नंतर गेली. २०१८ ते २०२० वरच्या वर्गात कारखान्याचा संघ म्हणून टोयोटा एकटीच उरली. यात कोणाचा दोष काढण्यासारखे नाही. शर्यत हा त्यांच्या हिशेबवहीतला एक रकाना आहे, आणि रकाने दर वर्षी तपासले जातात.

मग घर कोण चालवते? योस्ट यांच्या संघाने एकच ९५६ घेऊन १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षी ल मां जिंकली, दुसऱ्या वर्षी तर पोर्शेच्या कारखान्याच्या गाड्यांना हरवून. १९९५ साली मॅकलॅरन एफ १ ची खासगी गाडी जिंकली, जी मुळात रस्त्यावर चालवण्यासाठी आखलेली. २०२४ साली स्पाला जोटा या खासगी संघाने पोर्शे ९६३ घेऊन विश्वविजेतेपदाची शर्यत जिंकली. आणि २०२५ च्या ल मांला एएफ कोर्सेची ८३ क्रमांकाची पिवळी फेरारी, कारखान्याच्या दोन तांबड्या गाड्यांच्या पुढे.

आपल्या दृष्टीनेही हे सूत्र महत्त्वाचे. २०१२ साली करुण चंढोक ल मांला उतरलेला पहिला भारतीय ठरला, तो जेआरएम या खासगी संघातून, आणि गाडी एकूण सहावी आली. कारखान्याच्या दारातून आपल्या माणसाला आत जायला फार वेळ लागेल. खासगी संघाचे दार तरी उघडे राहिले पाहिजे. दुसरा दुवा मुंबईचा आहे. ल मां सात वेळा जिंकलेली जॅग्वार २००८ साली टाटा मोटर्सने विकत घेतली. ती परत आली तर मला मनापासून आनंद होईल, पण याच सूत्राप्रमाणे तिने पाहुणी म्हणून यावे आणि गाड्या विकत द्याव्यात.

सूत्राचा अंमल असा व्हावा: वरच्या वर्गात उतरणाऱ्या प्रत्येक कारखान्याने त्याच घडणीच्या किमान दोन गाड्या खासगी संघांना, ठरलेल्या किमतीला, दोन वर्षांच्या सुट्या भागांच्या हमीसह विकल्याच पाहिजेत. खासगी संघांचा वेगळा चषक आज आहे. तो राहू द्यावा, पण त्यांचे गुण मुख्य किताबातही धरले जावेत. आक्षेप येईल की कारखाना खासगी संघाला मागच्या वर्षीची गाडी देईल. चौथे सूत्र पाळले, म्हणजे सगळ्यांना एकच वजन, एकच ऊर्जा आणि हंगामभर बदल नाही, तर मागच्या वर्षीची गाडीही आजची गाडी राहते. आठवे सूत्र तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्यावर उभे आहे.

वाचकाला एक विनंती. ल मां दर जूनमध्ये फ्रान्सच्या वेळेनुसार शनिवारी दुपारी चारला सुटते. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि ती रविवारी साडेसातला संपते. पुढच्या वेळी सुरुवातीच्या यादीत एक खासगी गाडी निवडा, रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी उठल्यावर तिचा क्रमांक लिहून ठेवा, आणि झेंडा पडेपर्यंत तिला सोडू नका.